चार तासांची चाकरी

रिमोटचे बटण दाबले की माझ्या गाडीचे दिवे लुकलुकतात आणि तिच्या दोन्ही दरवाज्यांतून मिळून एकच ‘खट्’ ऐकू येते. निदान वीस वर्षे असेच होत आले होते. मग केव्हातरी त्या ‘खट्’चे दोन तुकडे झाले. आधी एका दरवाज्याचा ठाम आवाज यायचा आणि त्याच्यामागून, कार्यक्रम सुरू झाल्यावर सभागृहात शिरणाऱ्या माणसाच्या दबक्या पावलांसारखा, चालकाच्या दरवाज्याचा. पुढे काही महिन्यांनी हा दुसरा आवाज उन्हाच्या दिवसांत गैरहजर राहू लागला. एका दुपारी दिवे नेहमीप्रमाणे लुकलुकले, मी नेहमीप्रमाणे पाठ फिरवून चालू लागलो आणि तीन तासांनी परत आलो तेव्हा किल्लीला हात लावण्यापूर्वीच दरवाजा उघडला. आत सगळे जागच्या जागी होते. माझा विश्वास तेवढा जागेवर राहिला नव्हता.

अशा वेळी शहाण्या माणसाने दुरुस्ती करावी. मी सवय लावून घेतली. बटण दाबायचे, मग दरवाज्यापाशी जाऊन मूठ ओढून पाहायची आणि कुलूप लागले नसेल तर किल्ली घालून फिरवायची. इतकी वर्षे रिमोटच्या भरवशावर राहिल्यामुळे किल्लीचे छिद्रही आखडलेले होते. त्यात थोडी ग्रॅफाइटची पूड सोडली, तेव्हा ते वळायला राजी झाले. या कवायतीची मला इतकी सवय झाली की गाडीत बिघाड आहे हेच मी विसरून गेलो. कोणी विचारले असते तर गाडी उत्तम आहे असेच मी सांगितले असते, आणि आपण खोटे बोलतो आहोत असे मला वाटलेही नसते.

याचे एक कारण मला नंतर उमगले. जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या माणसाचे सगळे लक्ष गाडीच्या धावण्याकडे असते. इंजिनाचा सूर किंचित बदलला तरी आमची झोप उडते, टायरमधली हवा आम्ही स्वतःच्या गेजने मोजतो, ब्रेकच्या तेलाचा रंग पाहतो. दरवाज्याचे कुलूप हा मात्र गाडीच्या उभे राहण्याचा भाग आहे, आणि उभ्या गाडीबद्दल अभिमानाने सांगण्यासारखे आमच्याकडे फारसे काही नसते. खरे तर अशी गाडी आयुष्याचा बहुतेक काळ उभीच असते.

विजेवर चालणाऱ्या कुलपाची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९५६ च्या मॉडेलांत विजेची दरवाजा-कुलुपे दिली होती. पुढे काही जर्मन गाड्यांत हेच काम निर्वात पोकळीच्या नळ्यांनी केले जाई. त्या गाड्यांची कुलुपे ‘खट्’ न करता एक दीर्घ सुस्कारा टाकत. लांबून बटण दाबून दरवाजे उघडण्याची सोय १९८२ च्या सुमारास रेनो फ्युएगो या दोन दरवाज्यांच्या गाडीत आली, आणि ती शोधणाऱ्या पॉल लिपशुट्झ यांच्या नावाची आद्याक्षरे घेऊन फ्रेंच माणसे आजही रिमोटला ‘प्लिप’ म्हणतात. ही सोय पहिल्यांदा एका ऐटबाज कूपे गाडीच्या वाट्याला आली, याचा मला उगाचच आनंद होतो.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी मला माझी एक मोठी गैरसमजूत दूर करावी लागली. कुलूप लावले की दरवाजा आतून कशाने तरी अडवला जातो, एखादी कडी पुढे सरकते, असे मी आयुष्यभर समजत आलो होतो. प्रत्यक्षात बहुतेक गाड्यांत तसे काही घडत नाही. दरवाजा धरून ठेवण्याचे काम लॅच करतो, आणि ते तो कुलूप असो वा नसो, सारख्याच ताकदीने करतो. गाडीच्या सांगाड्यावर पोलादाचा एक जाड कडीसारखा तुकडा असतो. दरवाजा आपटला की लॅचमधला चिमट्यासारखा दुबेळक्या तोंडाचा भाग फिरून त्याला कवेत घेतो आणि एक लहान खटका त्या चिमट्याला उलटे फिरू देत नाही. बाहेरची मूठ ओढली की तो खटका बाजूला होतो आणि दरवाजा सुटतो. कुलूप लावणे म्हणजे मूठ आणि खटका यांच्यामधला दुवा बाजूला करणे. मूठ ओढली जाते, तिची सळईही हलते, पण ती हालचाल कुठेच पोहोचत नाही. म्हणजे बंद दरवाज्याच्या कुलपाचे सारे सामर्थ्य मधल्यामध्ये संबंध तोडण्यात असते, आणि तो लहानसा दुवा इकडून तिकडे सरकवायला फार मोठी ताकद लागत नाही. म्हणूनच ते काम अंगठ्याच्या दोन पेरांएवढ्या मोटरीवर सोपवता येते. मेकॅनिक मंडळी या मोटरीसकटच्या डबीला ॲक्च्युएटर म्हणतात.

बिघाड शोधताना मी कानावर विसंबलो. दोन्ही दरवाजे एकदमच मुके झाले असते तर आधी फ्यूज, मग रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच, मग गाडीचे नियंत्रण करणारी पेटी अशा क्रमाने जावे लागले असते. एकच दरवाजा रुसला आहे म्हटल्यावर या साऱ्या सामाईक गोष्टी आपोआप निर्दोष ठरल्या. रिमोटमधला सेल मी तरीही बदलला, कारण हाताशी असलेला सोपा उपाय करून पाहिल्याशिवाय अवघड उपायाकडे वळण्याचे धैर्य मला सहसा होत नाही. अर्थातच काही फरक पडला नाही. मग दरवाज्याच्या आतल्या बाजूच्या पॅडला कान लावून मी बटण दाबत राहिलो. सकाळी आतून एक अशक्त ‘घर्र’ येई आणि शेवटी एक ‘टक्’. दुपारी ‘घर्र’ अर्ध्यावरच थांबे. चार-पाच वेळा लागोपाठ दाबले की तेही बंद होई, आणि दहा मिनिटांनी पुन्हा धुगधुगी दिसे.

हे सगळे पुरावे मोटरीकडे बोट दाखवत असताना मी संशय घेतला तो वायरिंगवर. त्याला कारणही होते. दरवाजा आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये, बिजागरीपाशी, पावट्यांच्या शेंगेसारखी पेरे असलेली एक रबरी नळी असते. दरवाज्यातल्या काचेच्या, आरशाच्या, स्पीकरच्या आणि कुलपाच्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात, आणि दरवाजा उघडला-मिटला की प्रत्येक वेळी त्या एकाच ठिकाणी वाकतात. एखादी तार हजारो वेळा वाकवली की कधीतरी तुटणारच. दोन दरवाज्यांच्या गाडीत दरवाजे लांब असतात, चार दरवाज्यांचे काम त्या दोघांनाच करावे लागते आणि त्यातही चालकाच्या दरवाज्याला प्रत्येक फेरीत हजेरी द्यावी लागते. मला हे स्पष्टीकरण इतके आवडले की ते खरेच असणार असे मी ठरवून टाकले. एक अख्खा रविवार ती रबरी नळी सोडवण्यात, एकेक वायर नखाने चाचपण्यात आणि मान अवघडून घेण्यात गेला. एका वायरीचे आवरण तडकलेले सापडले तेव्हा मी जिंकल्यासारखा हसलो होतो. आतले तांबे मात्र शाबूत होते. तडकलेल्या जागी नवे आवरण चढवून मी रबरी नळी पुन्हा बसवली आणि बटण दाबले. घर्र, आणि शांतता.

येथे विजेचा दाब आणि रोध मोजणाऱ्या मल्टिमीटरबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण या यंत्राने माझ्यासारख्या हौशी लोकांना पुष्कळदा फसवले आहे. कुलपाच्या मोटरीला दोन वायरी येतात. एरवी त्या दोन्ही गाडीच्या सांगाड्याशी, म्हणजे अर्थशी, जोडलेल्या असतात. कुलूप लावताना त्यांपैकी एकीवर सुमारे अर्ध्या सेकंदापुरता बारा व्होल्टचा दाब येतो, आणि उघडताना दुसरीवर. दिशा उलटली की मोटर उलटी फिरते, एवढाच त्या यंत्रणेचा व्याकरणनियम. आता समजा, वायरीतल्या वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या आहेत आणि एकच शिल्लक आहे. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नसल्यामुळे त्या एका तारेतूनही तो तुम्हाला बारा व्होल्ट दाखवील आणि तुम्ही वायर ठीक आहे म्हणून पुढे जाल. मोटर मात्र काही अँपिअर मागते, आणि तेवढे त्या एका तारेला झेपत नाही. म्हणून मी मोटरीच्या जागी इंडिकेटरचा एकवीस वॅटचा साधा बल्ब जोडला. तो पावणेदोन अँपिअर घेतो, त्यामुळे अशक्त वायर त्याच्यापुढे लगेच उघडी पडते. बटण दाबले आणि उघड्या दरवाज्याच्या पोटात तो बल्ब झगझगीत पेटून विझला. उलट बटण दाबले, पुन्हा तसाच. अर्ध्या सेकंदाचा तो उजेड मी पाच-सहा वेळा पाहिला, आणि वायरिंगवर घेतलेला आळ मागे घेतला.

बल्ब जोडता यावा यासाठी अर्थात दरवाजा आधीच उघडावा लागला होता. गाडीचा दरवाजा बाहेरून जितका सुंदर, तितकाच आतून गचाळ असतो. बॅटरीचे ऋण टोक सोडून थोडा वेळ थांबायचे, कारण दरवाज्याच्या आसपास एअरबॅगच्या पिवळ्या वायरी असू शकतात आणि त्यांच्याशी घाई बरी नाही. मग मुठीच्या खाचेत आणि हात टेकायच्या जागेत टोप्यांखाली लपवलेले स्क्रू शोधायचे, आणि त्यानंतर पॅडच्या कडेने रुंद, बोथट पट्टी घालून एकेक क्लिप उपसायची. जुन्या प्लास्टिकच्या क्लिपा निघताना जो आवाज करतात तो बंदुकीसारखा असतो आणि प्रत्येक आवाजाला आपण काहीतरी मोडले असे वाटते. तीन क्लिपा खरोखरच मोडल्या. त्या मोडणार हे गृहीत धरून नव्या आधीच आणून ठेवाव्यात, हा शहाणपणा मला दुसऱ्या दिवशी आला.

पॅड निघाल्यावर समोर येतो तो प्लास्टिकचा पातळ पडदा, काळ्या, चिकट, च्युइंगगमसारख्या ब्युटाइलने दरवाज्याला डकवलेला. पुष्कळ लोक तो कचरा समजून फाडून टाकतात आणि पुढच्या पावसात पायाखालची चटई ओली का झाली याचा विचार करत बसतात. दरवाजा हे पाणी बाहेर ठेवणारे कपाट आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः काचेच्या बाहेरच्या रबरी पट्टीतून पाणी दरवाज्याच्या आत झिरपतेच, आणि ते झिरपणार हे रचना करणाऱ्यांनी मान्यच केलेले असते. आत आलेले पाणी काचेवरून ओघळते आणि खालच्या कडेला ठेवलेल्या भोकांतून निघून जाते. तो पडदा ओल्या खोलीला कोरड्या खोलीपासून वेगळे ठेवतो. कुलपाची मोटर राहते ती ओल्या खोलीत. वीस वर्षे दमट, अंधाऱ्या आणि उन्हात भट्टीसारख्या तापणाऱ्या खोलीत तिने काढली, हे तो पडदा बाजूला करताना मला पहिल्यांदाच जाणवले. माझ्या दरवाज्याची तळाची दोन भोके चिखलाने बुजलेली होती. ती तारेने मोकळी केली.

लॅच बाहेर काढणे हा या कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत धोक्याचा भाग आहे. माझ्या गाडीच्या दरवाज्यांना काचेभोवतीची चौकट नाही. काच नुसतीच वर येते आणि छताच्या रबरात बसते. असे दरवाजे दिसायला देखणे, पण काचेचा कोन आणि उंची ज्या बोल्टांवर ठरते त्यांना चुकून धक्का लागला तर पुढे कित्येक दिवस वाऱ्याची शिट्टी ऐकत गाडी चालवावी लागते. म्हणून काच पूर्ण वर घेऊन चिकटपट्टीने छताशी बांधली आणि आड येणारी मागची पट्टी सोडण्यापूर्वी तिच्या बोल्टांभोवती मार्करने खुणा केल्या. मग दरवाज्याच्या कडेचे, सहा पाकळ्यांच्या तोंडाचे तीन टॉर्क्स स्क्रू. कारखान्यात त्यांना आटे पकडून ठेवणारा द्रव लावलेला असतो, त्यामुळे ते सहज सुटत नाहीत, आणि नेमके नसलेले पान वापरले की त्यांच्या पाकळ्या झिजून जातात. एकदा का पाकळ्या झिजल्या की दरवाज्याचे काम संपते आणि ड्रिलचे सुरू होते. पान हातोडीने हलकेच ठोकून खोल बसवले, अंगाचा भार दिला आणि श्वास रोखून फिरवले. तिन्ही सुटले. सळयांना धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या पकडी पाव फेरा वळवून उघडल्या आणि लॅच, त्याला चिकटलेल्या काळ्या डबीसह, दरवाज्याच्या पोटातल्या अरुंद भोकातून एखाद्या हट्टी मांजरासारखा तिरका-तारका होत बाहेर आला.

येथवर पोहोचलेल्या माणसाला दोन रस्ते असतात: लॅच आणि डबी असा अख्खा सेट बदलणे, नाहीतर डबी उघडून आतली मोटर बदलणे. ओळखीच्या मेकॅनिकने मला पहिलाच सुचवला होता. ‘‘अख्खा सेट बदला साहेब, डबी उघडायच्या भानगडीत पडू नका,’’ असे तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्याला एका दिवसात चार गाड्या द्यायच्या असतात, डबी उघडून पुन्हा चिकटवलेल्या कामाची हमी त्याने कशी द्यावी? पण ज्या गाडीचे उत्पादन थांबून वर्षे लोटली आहेत तिचा अख्खा सेट म्हणजे एक तर कोणाच्या तरी भंगारातून निघालेला, तितकाच म्हातारा भाग, नाहीतर कुठल्यातरी गोदामात न वापरता तितकीच वर्षे पडून राहिलेला. गोदामातला तो न वापरलेला सेट मला तेव्हा चांगला वाटला होता. पुढे जे आढळले त्यानंतर तो तितकासा चांगला वाटत नाही.

डबीची दोन अर्धुके चिकटवून जोडलेली होती. पातळ पात्याने सांध्याच्या रेषेवरून पुन:पुन्हा फिरत, घाई न करता, ती वेगळी केली. आत फार काही नव्हते. एक मोटर, तिच्या दांड्यावर दाबून बसवलेले, स्क्रूसारख्या आट्यांचे पितळी वर्म, त्याच्यात अडकलेले पांढऱ्या प्लास्टिकचे दातेरी चाक आणि त्या चाकाला मध्यावर परत आणणारी एक स्प्रिंग. या स्प्रिंगची योजना मला फार आवडली. मोटर चाकाला एका टोकापर्यंत नेते, चाक लिव्हरला ढकलते, वीज थांबते आणि स्प्रिंग चाकाला मागे खेचून पुन्हा मध्यावर आणते. त्यामुळे नंतर कोणी किल्लीने किंवा आतल्या खुंटीने कुलूप उघडू पाहिले तर त्याला मोटर फरफटत न्यावी लागत नाही. लिव्हर मोकळा असतो. वीज गेली तरी माणूस आत अडकणार नाही, याची काळजी त्या चाकाच्या रिकाम्या जागेत घेतलेली आहे. काही जुन्या बनावटीच्या लॉकमध्ये हेच काम वेगाने फिरल्यावरच पकडणाऱ्या क्लचकडून करून घेतात.

दाते शाबूत होते. ग्रीस मात्र घट्ट होऊन मेणासारखे, तपकिरी झालेले. क्षणभर वाटले की हेच ते. पण ग्रीसचा दोष असता तर तो थंडीत वाढायला हवा होता आणि उन्हात कमी व्हायला हवा होता. माझे कुलूप नेमके उलटे वागत होते. उष्णतेने बिघडणारी गोष्ट विजेच्या बाजूची असणार. तांब्याचा रोध दर अंश सेल्सियसला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे दरवाजा ४० अंशांनी तापला तर मोटरीच्या वेटोळ्यांचा रोध सुमारे १६ टक्क्यांनी वाढलेला असतो. धडधाकट मोटरीला हे सोसते. ही मोटर धडधाकट आहे का, हे पाहण्यासाठी तिच्या दोन टोकांना मीटर लावून दांडा बोटांनी हळूहळू फिरवला. बदलण्यासाठी आणलेल्या नव्या मोटरीचा आकडा तीन ओहमच्या आसपास येत होता. जुनीचा कधी नऊ, कधी चौदा, आणि एका कोनात तर मीटरने काहीच दाखवले नाही.

मग ती मोटरही उघडली. याची गरज नव्हती, कारण ती बदलायचीच होती. पण इतक्या लांब येऊन आरोपीचे तोंड न पाहता परत जाणे मला शक्य नव्हते. मागची टोपी उचकटली तेव्हा आत कोळशासारखी बारीक पूड दिसली आणि दांड्यावर कम्युटेटरचे, म्हणजे फिरत्या वेटोळ्यांना वीज पोहोचवणाऱ्या कड्याचे, तांब्याचे तीन तुकडे, काळवंडलेले. त्यावर टेकून वीज देणारे ब्रश पुष्कळ शिल्लक होते. हेच मला कळेना. ब्रश झिजलेले नाहीत, दाते झिजलेले नाहीत, दांड्याला धरणारे बुशही फारसे सैल नाही, मग ही मोटर म्हातारी झाली कशाने?

त्या संध्याकाळी मी कागदावर एक गणित मांडले. समजा चालकाच्या दरवाज्याचे कुलूप रोज सरासरी चार वेळा हलते, लावणे-उघडणे धरून. वीस वर्षांत त्या २९,२०० खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला मोटरीला मिळते ती अर्धा सेकंद वीज. म्हणजे १४,६०० सेकंद. म्हणजे चार तास आणि वर तीन-साडेतीन मिनिटे. मी तो हिशेब दोनदा तपासला. वीस वर्षांत या मोटरीने एकूण चार तास काम केले होते. एखादा टेबलफॅन जेवढे काम एका दुपारी करतो, तेवढे तिच्या अख्ख्या आयुष्याचे काम. उरलेला सारा वेळ ती अंधारात उभी होती, ब्रश कम्युटेटरच्या कुठल्यातरी एकाच तुकड्यावर टेकवून, ओल आणि ऊन सोसत, बटण दाबले जाण्याची वाट पाहत.

शिवाय त्या चार तासांतही तिला मोकळेपणाने फिरायला फारसे मिळालेच नव्हते. अर्ध्या सेकंदाच्या पहिल्या भागात चाक टोकाला पोहोचते. त्यानंतर वीज चालूच असते आणि मोटर भिंतीला डोके टेकवल्यासारखी जागीच थरथरत राहते. फिरत्या मोटरीपेक्षा अडलेली मोटर कितीतरी पट जास्त करंट ओढते. वीज तुटताना ठिणगी पडते ती तेव्हा ब्रश जिथे टेकलेला असेल तिथे. म्हणजे झिजली ती थांबण्याने. थांबून राहण्याने आणि अडून थांबण्याने. गाड्यांच्या बाबतीत जास्त किलोमीटर म्हणजे जास्त म्हातारपण असे गणित मी आजवर करत आलो, आणि माझ्या गाडीचे किलोमीटर कमी आहेत हे कौतुकाने सांगत आलो. गोदामात वीस वर्षे न वापरता पडलेल्या त्या नव्या सेटबद्दलचे माझे मत बदलले ते येथे.

टोपीच्या आत आणखी एक गोष्ट होती, आणि उन्हाचे कोडे सुटले ते तिच्यामुळे. ब्रशकडे जाणाऱ्या मार्गात गोळीएवढी एक करडी चकती बसवलेली असते. हिला पीटीसी म्हणतात. गरम झाली की तिचा रोध झपाट्याने वाढतो. कोणी बटण दाबून धरले किंवा रिले चिकटला आणि मोटर अडलेल्या अवस्थेत तापत राहिली, तर ही चकती वीज आवळून धरते आणि मोटर जळण्यापासून वाचवते. थंड झाली की पुन्हा वाट मोकळी करते. लागोपाठ पाच वेळा बटण दाबल्यावर कुलूप मुके होणे आणि दहा मिनिटांनी पुन्हा बोलू लागणे हे तिचेच काम होते. मात्र वयाप्रमाणे तिचा थंड असतानाचा रोधही चढत गेला होता, त्यामुळे दुपारच्या तापल्या दरवाज्यात ती पहिल्याच खेपेला घाबरून हात आखडता घेत असे. काही लोक ही चकती काढून तिच्या जागी सरळ तार सोल्डर करतात, आणि जुनी मोटर तेवढ्याने पुन्हा खणखणीत वाजू लागते हे खरे आहे. मला ते पटत नाही. पहारेकरी म्हातारा झाला म्हणून पहाराच उठवण्यासारखे ते आहे, आणि जिथे ती मोटर जळेल ती जागा प्लास्टिकच्या डबीत, प्लास्टिकच्या पडद्यामागे, माझ्या मांडीपासून वीतभर अंतरावर आहे.

नवी मोटर त्याच मापाची होती. अशा लहान मोटरी ठरावीक मापांत बनतात आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या कुलपांत त्याच सापडतात, हे या क्षेत्रातले एक उघड गुपित आहे. जुन्या दांड्यावरचे वर्म लहान पुलरने ओढून काढले आणि नव्या दांड्यावर शिकंज्यात, तिरके जाणार नाही याची काळजी घेत, दाबून बसवले. जुने ग्रीस पुसले, प्लास्टिकला न खाणारे नवे ग्रीस अगदी थोडे लावले. डबी चिकटवण्यापूर्वी टेबलावरच लॅच गाडीच्या वायरीला जोडून पाहिला, आणि बरे झाले पाहिला. मोटर मी उलटी बसवली होती. लावण्याचे बटण दाबले की कुलूप उघडत होते आणि उघडण्याचे दाबले की लागत होते. तेही इतक्या आत्मविश्वासाने की क्षणभर मलाच आपली बटणे चुकली असे वाटले. मोटर काढून तिची टोके अदलाबदल करून पुन्हा बसवली.

लॅच दरवाज्यात परत गेल्यावर एक मोह होतो तो दरवाजा लावून पाहण्याचा. तो टाळलाच पाहिजे. बंद दरवाज्यात कुलूप अडकले तर पॅड काढता येत नाही, आणि पॅड काढल्याशिवाय कुलूप सोडवता येत नाही. मग काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. दरवाजा उघडाच ठेवून, लॅचचा चिमटा स्क्रूड्रायव्हरने मिटवून, जणू दरवाजा लागला आहे असे त्याला भासवायचे आणि मग रिमोटने, किल्लीने, आतल्या खुंटीने, बाहेरच्या मुठीने, सगळ्या प्रकारांनी तपासायचे. मी प्रत्येक प्रकार दहा-दहा वेळा केला. शेवटी मूठ ओढून चिमटा पुन्हा उघडायला विसरायचे नाही, नाहीतर त्याच मिटल्या चिमट्यावर दरवाजा आपटला जातो. मी विसरलो नाही, पण माझा हात दरवाज्यावर होता हे कबूल करतो.

पडद्याचे ब्युटाइल हेअर ड्रायरने मऊ करून पडदा कडेकडेने दाबून बसवला, पॅड चढवले, मोडलेल्या तीन क्लिपांच्या जागी नव्या लावल्या. बॅटरी जोडल्यावर काचेला तिचे वरचे टोक पुन्हा शिकवावे लागले. बटण धरून वर-खाली केले की ते होते. मग गाडीबाहेर उभा राहून, दरवाजा लावून, दहा पावले मागे सरकून मी रिमोट दाबला.

दिवे लुकलुकले. चालकाच्या दरवाज्यातून एक कोरा, कडक ‘खट्’ आला. आणि त्याच्यामागून, थोड्या उशिराने, दबक्या पावलाने, दुसऱ्या दरवाज्याचा.

मी पुन्हा दाबले. पुन्हा तसेच. इतके दिवस ज्याच्या आवाजाला मी ठाम म्हणत होतो, तोही त्याच वयाचा आणि तशाच ओल्या खोलीत राहिलेला होता, फक्त त्याला चालकाच्या दरवाज्याइतके हलावे लागले नव्हते. नव्या मोटरी दोनच्या जोडीने आल्या होत्या. उरलेली एक मी टेबलाच्या खणात ठेवायला निघालो होतो. ती पुन्हा बाहेर काढून दरवाज्याच्या पॅडच्या उरलेल्या क्लिपांशेजारी ठेवली.